भिंतीतल्या लवंगा

सुवर्णा किणीकर लोकांच्या घरांना गेलेल्या भेगा तपासते. टेक्सासात उन्हं तापायला लागली की फ्रिस्को, अर्विंग आणि आसपासच्या गावांतून तिचा फोन वाजू लागतो. कुणाचं न्हाणीघराचं दार अचानक लागेनासं होतं, कुणाच्या खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेला तडा थेट छताला भिडलेला असतो. सुवर्णा जाते, पातळी मोजायचं यंत्र घेऊन घरभर फिरते, गुडघ्यांवर बसून भेगेची रुंदी मोजते, फोटो काढते आणि चार दिवसांनी अकरा पानांचा रिपोर्ट पाठवते.

तिथली जमीन काळ्या चिकण मातीची. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि वरची घरं तिच्या मर्जीनं हलतात. म्हणून तिथले लोक उन्हाळ्यात घराला पाणी घालतात. पायाच्या कडेनं बारीक भोकांचा पाइप टाकतात आणि माती वाळू देत नाहीत. सुवर्णाच्या नवऱ्याला, देवदत्तला, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तो म्हणाला होता, "म्हणजे घर बांधायचं नाही, लावायचं!"

सांगलीच्या कॉलेजातून सिव्हिल इंजिनियर झालेली सुवर्णा लग्न होऊन देवदत्तबरोबर टेक्सासात आली ती सत्त्याण्णव साली. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला काम करायची परवानगी नव्हती. सात वर्षं तिनं घर सांभाळलं, मुलीला, सावनीला, वाढवलं, आणि इंजिनियरिंगची पुस्तकं कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. ग्रीन कार्ड आल्यावर ती खाली काढली. परवान्याची परीक्षा पास झाली तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. सोबतच्या बहुतेकांना तिनं शाळेत शिकवलं असतं, इतके ते लहान होते.

चित्रकला म्हणाल तर तिचा आणि चित्रकलेचा संबंध इंजिनियरिंग ड्रॉइंगपुरता. सरळ रेघ ती पट्टीशिवाय मारते. गोल मात्र आजही नीट येत नाही.

एकवीस सालच्या जूनमध्ये ती एका घराच्या गराजमध्ये जमिनीवरची भेग तपासत होती. फोटोत भेगेशेजारी मोजपट्टी ठेवावी लागते, म्हणजे बघणाऱ्याला आकाराचा अंदाज येतो. मोजपट्टी गाडीत राहिली होती. बाहेर एकशे चार डिग्री फॅरनहाइट ऊन. तिनं पिशवीत हात घातला तर भाजलेल्या शेंगांची पुडी हाती लागली. दोन दाण्यांची, मध्ये कंबर असलेली एक शेंग तिनं भेगेच्या काठावर उभी केली आणि फोनमधून पाहिलं. नदीकाठी कुणीतरी पोट पुढे काढून उभं होतं, पाण्यात उतरावं की नाही या विचारात.

तिनं कानामागची पेन्सिल काढून सिमेंटवर त्या शेंगेला दोन पाय काढले. काडीसारखे, ताठ. मग एक हात, कमरेवर ठेवलेला. फोटो काढला आणि का कोण जाणे, जर्सी सिटीला सावनीकडे पाठवून दिला.

सावनी तिथं एका बँकेत नोकरी करत होती, आठवड्याला साठ तास. मायलेकींचे फोन ठरलेले असायचे. "जेवलीस का?" "हो." "काय?" "आई, food." त्यापुढे गाडी जात नसे. त्या दिवशी मात्र एका मिनिटात उत्तर आलं, "Who is he??" आणि लगेच पुढे, "हा बाबा आहे ना?"

देवदत्तचं पोट तसंच होतं.

त्या शेंगेपासून हे सुरू झालं. सुवर्णाच्या कामाच्या पिशवीत गोळ्यांची एक रिकामी डबी असायची. तिच्यात आता लवंगा, वेलदोडे, मेथीदाणे, भोपळ्याच्या बिया, दोन सेफ्टी पिना आणि टिकल्यांचं पाकीट आलं. लवंग म्हणजे डोक्यावर मुंडासं बांधलेला शिडशिडीत माणूस. वेलदोडा आडवा ठेवला की म्हैस. मेथीदाण्यांच्या मुंग्या. काम संपलं, मोजमापं झाली, की ती दोन मिनिटं भेगेपाशी थांबायची. कुठे लवंगा भेगेवर पूल बांधत, कुठे म्हैस पलीकडे जायला नकार देई आणि चार जण तिला मागून ढकलत. फोटो काढून झाला की सगळी मंडळी परत डबीत.

रविवारी अर्विंगच्या इंडियन ग्रोसरीत देवदत्त भेंडी निवडत असे तेव्हा ती पार्किंगमध्ये खडू घेऊन उकिडवी बसायची. डांबराच्या भेगा बुजवताना मारलेल्या काळ्या नागमोडी पट्ट्यांना ती डोळे, शेपट्या, छत्र्या काढायची. गाड्या अडवायला ठेवलेले दोन सिमेंटचे ठोकळे शेजारीशेजारी होते. तिनं त्यांना उशा दिल्या, एकच पांघरूण दिलं, आणि पांघरूण एकाच्याच अंगावर ओढलेलं दाखवलं. दुकानाचा मालक बाहेर आला तेव्हा ती घाबरून उभी राहिली. त्यानं ते पाहिलं, उघड्या राहिलेल्या ठोकळ्याकडे बोट दाखवलं आणि हिंदीत म्हणाला, "बहनजी, वो इधरवाला मैं हूँ."

"भाजीत लवंग नाही आणि भिंतीवर आहे," असं देवदत्त कुरकुरायचा. पण पार्किंगमध्ये मागून गाडी आली तर हात दाखवून थांबवायलाही तोच उभा असायचा.

सावनीनं या फोटोंचं इन्स्टाग्रामवर खातं उघडलं आणि नाव दिलं 'तडे आणि तऱ्हा'. दोन वर्षांत त्याला बरीच माणसं जोडली गेली. सुवर्णाला त्या आकड्यांपेक्षा एक गोष्ट मोलाची वाटत होती. सावनी आता रोज फोन करायची. आधी शेंगेबद्दल बोलायची, मग बॉसबद्दल, मग एका मुलाबद्दल, आणि एकदा तर बोलता बोलता रडलीसुद्धा.

तेवीस सालच्या ऑगस्टमध्ये सुवर्णा फ्रिस्कोमधल्या एका घरी तपासणीला गेली. घर अनीश आणि हिमानी या नागपूरकडच्या जोडप्याचं, घेऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. अनीशची आई, सुमित्राबाई, सहा महिन्यांसाठी आलेल्या. मराठी बोलणारी इंजिनियर आली म्हणून हिमानीला बरं वाटलं. "काकू, आधी चहा घ्या," म्हणाली. मग तिची मीटिंग सुरू झाली आणि ती वर गेली. अनीश ऑफिसात होता, सुमित्राबाई दुपारच्या झोपल्या होत्या.

भेग मागच्या अंगाला बाहेरून होती. विटांच्या भिंतीतली भेग सरळ जात नाही. सांध्यासांध्यातून आडवी, उभी, आडवी, उभी अशी जिन्यासारखी चढत जाते. ही खिडकीखालून सुरू होऊन जवळजवळ पन्हळीपर्यंत गेली होती. सांधा इतका उघडला होता की त्यात लवंग खोचली तर उभी राहत होती.

सुवर्णाला मोह आवरला नाही. तिनं चौदा लवंगा जिन्यावर चढवल्या. एकाच्या डोक्यावर वेलदोड्याचं गाठोडं, एकाच्या पाठीवर भोपळ्याच्या बीची पेटी. सगळ्यात वरचा एकटा, खाली वळून बघणारा. तिच्या सगळ्या फोटोंत तो सगळ्यात देखणा निघाला. लवंगा काढून तिनं डबीत टाकल्या, हिमानीचा निरोप घेतला, चार दिवसांनी रिपोर्ट पाठवला. सावनीनं फोटो खात्यावर टाकला आणि तो बघता बघता कुठल्या कुठे पोचला.

तीन आठवड्यांनी हिमानीचा फोन आला.

"काकू, ती भिंत आमची आहे ना?"

सुवर्णा म्हणाली, "हो."

"तुमच्या दोन लवंगा भिंतीतच राहिल्या होत्या." हिमानीचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ऐकायला जास्त कठीण जात होतं. "आईंना त्या तुळशीला पाणी घालताना दिसल्या. त्यांना वाटलं कुणीतरी करणी केली. भिंत फुटली, त्यात लवंगा निघाल्या, आणि त्याच आठवड्यात अनीशच्या टीममधल्या सहा जणांची नोकरी गेली. पंधरा दिवस त्या धड जेवलेल्या नाहीत. मला रोज विचारतात, तुमचं कुणाशी वाकडं आहे का. आणि काल गणपतीच्या कार्यक्रमात एकीनं मला हा फोटो दाखवला. हसत हसत. म्हणाली, बघ किती क्यूट."

सुवर्णानं माफी मागितली. हिमानी "ठीक आहे" म्हणाली आणि फोन ठेवला. म्हणजे ठीक नव्हतं.

तिनं सावनीला सांगून फोटो काढून टाकला. "आई, it's just a wall. त्यांचं नावपण नाही कुठे," सावनी म्हणाली.

"त्यांची भिंत आहे गं," सुवर्णा म्हणाली. "मी त्यांच्या घरी खेळायला गेले नव्हते."

देवदत्तला तिनं जेवताना सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "फोनवर मिटण्यासारखं आहे का हे?"

शनिवारी ती एकटीच फ्रिस्कोला गेली. दार हिमानीनं उघडलं. आत सुमित्राबाई सोफ्याच्या टोकाला, पाठ ताठ करून बसल्या होत्या. चौऱ्याहत्तरची बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, चेहरा उतरलेला. सुवर्णानं पर्समधली डबी काढून समोरच्या टेबलावर उघडी ठेवली.

"मावशी, त्या लवंगा माझ्या. कुणी करणी केलेली नाही. मी भिंतीवर चित्र मांडलं आणि आवरताना दोन विसरले."

सुमित्राबाईंनी डबीत पाहिलं. वेलदोडे, मेथीदाणे, टिकल्या. मग सुवर्णाकडे पाहिलं. तिचे पिकलेले केस, गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र.

"काहून?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर सुवर्णानं आजवर कुणाला दिलं नव्हतं. "मजा वाटते म्हणून," ती म्हणाली.

"पन्नाशी उलटलेल्या बाईनं दुसऱ्याच्या भिंतीत लवंगा खोचायच्या? मजा म्हणून?" सुमित्राबाई म्हणाल्या. "मी इथं रोज देवाजवळ रडून राहिली, की बापा, माझ्या लेकराच्या घराचं काय होऊन राहिलं. आणि तुम्हाला मजा वाटली!"

 

हिमानी उभीच होती. ती म्हणाली, "काकू, मला एकच विचारायचंय. ती भिंत दिसू नये म्हणून मी मागचा पडदासुद्धा उघडत नाही. तुम्हाला त्यात गंमत दिसली कशी?"

सुवर्णानं विचार करून उत्तर दिलं. "मी अशा हजारो भेगा बघितल्यात. कुठली थांबणार, कुठली वाढणार, हे मला बघताक्षणी बरंचसं कळतं. म्हणून मला भीती वाटत नाही. तुला ते माहीत नाही, आणि तुला ते नीट सांगणं हेच माझं काम होतं. मी तुला अकरा पानं पाठवली. त्यातलं काय कळलं तुला?"

"काहीच नाही," हिमानी म्हणाली. "अनीशनं रिपोर्ट दोनदा वाचला. शेवटी आम्ही इतकंच धरलं, की घर खचतंय."

"खचत नाहीये," सुवर्णा म्हणाली. आणि मग तिच्याच लक्षात आलं, की हे एवढंसं वाक्य अकरा पानांत कुठेही नव्हतं.

ती त्या दोघींना घेऊन मागच्या अंगणात गेली. भिंतीजवळच्या कोरड्या वाफ्यात काडी घातली तर काडी सहज आत गेली. माती भिंतीपासून बोटभर सुटली होती. सुवर्णा सांगू लागली, माती कशी फुगते, कशी आकसते. दोन वाक्यं झाली नाहीत तोच सुमित्राबाई खाली बसल्या. त्यांनी एक ढेकूळ उचललं, बोटांत चुरडलं, आणि एकदम म्हणाल्या,

"अवं, हे तर आमच्याकडचं कपाशीचं रान आहे!"

"तेच आहे, मावशी."

"माझ्या माहेरी उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडत. पाऊस आला की आपोआप मिटत. विहिरीजवळच्या खोलीची भिंत दरवर्षी फाटायची आणि दरवर्षी भरायची." त्यांनी मान वर करून तो विटांचा जिना पहिल्यांदाच नीट पाहिला. "म्हणजे या लोकांनी काळ्या रानात घर बांधून ठेवलं? आणि पाणी नाही घालत?"

"पाइप आहे, आई," हिमानी म्हणाली. "आम्ही बिल जास्त येतं म्हणून बंद ठेवलाय."

"सुरू कर आधी!"

सुवर्णानं स्टुलावर चढून भेगेच्या वरच्या टोकाशी पेन्सिलीनं एक आडवी रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. भेग रेघ ओलांडून पुढे गेली तर ती वाढते आहे. नाही गेली तर थांबली आहे. महिन्यातून एकदा बघायचं, एवढंच. पाणी एका वेळी किती, कुठल्या वेळी, भिंतीपासून किती लांब, तेही तिनं सांगितलं. सुमित्राबाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. हे काम आता त्यांचं होतं, ते कुणी त्यांना द्यायची गरज नव्हती.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. "डबी राहिली तुमची," म्हणाल्या आणि हातात देऊन पुटपुटल्या, "लवंग महाग असते इथं. सांडत जाऊ नका."

गाडीपर्यंत हिमानी सोबत आली. "आई विसरतील," ती म्हणाली. "मी इतक्यात नाही विसरणार, काकू. तो फोटो चांगला होता. तेच मला जास्त लागलं. तुम्ही मला विचारलं असतंत, तर मी कदाचित हो म्हटलं असतं."

पुढचे चार महिने सुवर्णानं डबी पर्समधून काढली नाही. सावनी विचारायची, "काय झालं, सुचत नाहीये का, block आहे?" मुलीला धीर वाटावा म्हणून ती म्हणायची, "काम आहे गं." खरं म्हणजे तिला भेग दिसायची आणि भेगच दिसायची. बाकी काही उमटतच नव्हतं.

त्या चार महिन्यांत तिनं दुसरंच एक काम केलं. रिपोर्टला ती बारावं पान जोडू लागली. साध्या इंग्रजीत आठ-दहा वाक्यं. घर सुरक्षित आहे की नाही, हे पहिल्याच ओळीत. खाली एक चित्र, फुगलेल्या आणि वाळलेल्या मातीवर बसलेलं घर, तिच्या त्या पट्टीनं मारल्यासारख्या रेघांचं. तिचा बॉस म्हणाला, इंजिनियरच्या रिपोर्टमध्ये कार्टून शोभत नाही. तिनं ते पान काढलं नाही. दोन महिन्यांनी एका गिऱ्हाइकानं त्याला फोन करून सांगितलं, की मला फक्त शेवटचं पान कळलं आणि तेवढ्यानं झोप लागली. मग ते पान राहिलं.

फ्रिस्कोहून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मेसेज येई. हिमानीच्या फोनवरून, पण शब्द सुमित्राबाईंचे. "भेग जागेवर आहे. पाणी वेळेवर." त्या नागपूरला परत गेल्यावर मेसेज हिमानी स्वतः लिहू लागली. ती फक्त दोन शब्द लिहायची, "No change". त्याहून जास्त कधीच नाही.

फेब्रुवारीत गावच्या लायब्ररीनं सुवर्णाच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं विचारलं. सावनी विमानानं आली. दोघींनी दोन दिवस जेवणाच्या टेबलावर फोटो पसरून निवड केली. सुवर्णानं लोकांच्या घरातले सगळे बाजूला काढले. राहिले ते पार्किंगचे, फुटपाथचे, स्वतःच्या ड्राइव्हवेचे.

"आई, अर्धे गेले. Best ones गेले," सावनी कळवळली.

"त्या लोकांना विचारू. हो म्हणतील त्यांचे लावू."

एकवीस घरांना तिनं स्वतः फोन केला. नऊ जण हो म्हणाले, सात नाही म्हणाले, बाकीच्यांनी फोन उचलला नाही. हिमानीला तिनं विचारलंच नाही. तो प्रश्न आता विचारायचा नसतो, एवढं तिला कळत होतं. प्रदर्शनाला देवदत्त कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि पोट असलेल्या शेंगेपाशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, हा मी.

त्यानंतर काम पुन्हा हाती आलं, पण आता ते आधी विचारून. मे महिन्यात ती अर्विंगमध्ये डोलोरेस नावाच्या एका म्हातारीकडे गेली होती. बाई एकटीच राहायची, तीस वर्षं स्कूल बस चालवून निवृत्त झालेली. बैठकीच्या खोलीत, निळ्या भिंतीवर, एक सुरेख वळणदार तडा होता. मोजमापं संपल्यावर सुवर्णानं डबी दाखवली, फोनवरचे एकदोन फोटो दाखवले, आणि विचारलं, इथे दोन मिनिटं काही मांडू का?

"नको," डोलोरेस म्हणाली. "हा रंग माझ्या नवऱ्यानं दिलाय. शेवटचा."

"बरं," सुवर्णा म्हणाली आणि डबी बंद केली.

डोलोरेसनं तिला बर्फ घातलेला चहा दिला आणि फोन मागून घेतला. चष्मा लावून ती एकेक फोटो सावकाश बघू लागली. लोक हे फोटो बघताना हसतात. सुवर्णाला त्याची सवय होती, आणि खरं तर ती हसण्याची वाटच बघत असायची. डोलोरेस एकदाही हसली नाही. एका फोटोपाशी मात्र ती थांबली. फुटपाथच्या भेगेवरून चाललेला शेंगेचा माणूस, पाठीवर भोपळ्याची बी.

"हा दमलाय," ती म्हणाली.

सुवर्णानं फोन हातात घेऊन पाहिलं. तिनं त्याला गंमत म्हणूनच काढला होता, ओझ्याखाली जरासा वाकलेला. पण बाई म्हणत होती ते खरं होतं. तो दमला होता. अगदी स्पष्ट दिसत होतं, आणि तिला आजवर दिसलं नव्हतं. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि चहा संपवून उठायचं तिच्या कितीतरी वेळ लक्षात आलं नाही.